समुद्र दिसणारं घर नको

समोर समुद्र असलेलं घर आज नाकारून आले. मालकांना ते पटेचना. "अहो ताई, गॅलरीतून सूर्यास्त दिसतो, लोक मागे लागतात या घरासाठी." दिसतोच, वादच नाही. पण गॅलरीचा कठडा धरला तर बोटांना तपकिरी भुकटी लागली. रंग नुकताच मारलेला, तरी गजांच्या बुडाशी फोड आलेले. वर बघितलं तर स्लॅबला सळईच्या रेषेत सरळ तडा. खाऱ्या हवेतला क्षार मुरत मुरत सळईपर्यंत पोचला की ती गंजते आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. ती मिळाली नाही की काँक्रीट फुटतं. पुट्टी भरून हे थांबत नाही, आणि भाडेकरूने थांबवायचं तर मुळीच नाही.

शिवाय रात्री जमीन लवकर गार होते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. समुद्राची खिडकी उघडी टाकून वाऱ्यावर झोपायचं, हे जाहिरातीतलं सुख निम्म्या वेळेचंच.

दोन आळ्या आत एक जुनं बैठं घर आहे, तेच घ्यायचं म्हणतेय. पुढच्या घरांनी आणि झाडांनी खारा वारा बराच अडवलाय. खिडक्यांच्या बिजागऱ्या फिरतात, मीटरच्या डब्याचं झाकण शाबूत आहे. मी हल्ली घर बघायला गेले की खोल्यांच्या आधी बिजागऱ्याच बघते. मालकीणकाकू हसल्या त्यावर.

एक भिंत मात्र कंबरेएवढ्या उंचीपर्यंत ओलसर आहे, वर पांढरी पूड धरलेली. काकूंना वाटतं कुठेतरी नळ गळतोय. मला वाटतं मीठ आहे. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं. म्हणजे गळती नसतानाही भिंत दमट दिवसांत ओली आणि कोरड्या दिवसांत पुन्हा पांढरी. प्लंबर आणून उपयोग नाही. कपाट त्या भिंतीला टेकवायचं नाही, एवढं मी मनात ठरवून टाकलं.

विहिरीचं काकूंना नाही विचारलं, शेजारच्या आजींना विचारलं. कोरड्या दिवसांच्या शेवटी पाणी मचूळ लागतं का? "थोडं लागतं, पण पंप सारखा चालवला तरच," त्या म्हणाल्या. बरोबरच आहे. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेबाने गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी. वरची पातळी जराशी उतरली की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. माझा पंप जपून चालेल, पण शेजारच्या सुट्टीतल्या घरांचा?

खरी अडचण तीच, सुट्टीचे दिवस. काकूंनी जाता जाता हळूच विषय काढला: गर्दीच्या महिन्यात पाहुण्यांना घर द्यायला मिळालं तर बरं, तेवढे दिवस तू गावी जाशील ना? आवाज इतका गोड की मी जवळजवळ हो म्हणणार होते. पाहुण्यांकडून महिन्याभरात जे मिळतं ते माझ्याकडून मिळायला बरेच महिने लागतील, हे मलाही कळतं. पण मग माझं सामान कुठे? आणि त्या महिन्याचं भाडं कुणी भरायचं? मी म्हटलं, वर्षभर राहायला मिळणार असेल तरच घेते, आणि तसं करारात लिहा. त्यांना राग नाही आला. विचार करून सांगते म्हणाल्या.

दुसरा मुद्दा मी आजच लिहून ठेवलाय: हवेने गंजलेलं, खरवडलेलं ते भाडेकरूचं नुकसान धरायचं नाही. सोबत आजच्या तारखेचे फोटो जोडायचे. ओल्या भिंतीचे, मोरीतल्या नळाचे, मागच्या दाराच्या कडीचे. कडीचा फोटो नीट आला नाही, तो उद्या उजेडात परत काढते. काकूंनी नाहीच म्हटलं तर बसस्टँडच्या मागचं घर अजून रिकामं आहे.