काळ्या कपाळाचा चिखल्या

एप्रिल संपता संपता ठाण्याच्या खाडीत, किनाऱ्यावरचे पक्षी धरून मापं घेऊन सोडण्यासाठी जाळी लावायची, तर अमावास्येचं उधाण गाठावं लागतं. पाणी चढलं की चिखलपट्टे बुडतात आणि ओहोटीला त्यावर चरणारे पक्षी मागच्या उघड्या जागेत दाटीवाटीनं येऊन बसतात. वनखात्याची परवानगी हातात होती, जाळी बिहारहून आलेल्या मीरशिकारांनी, म्हणजे पिढीजात पक्षी धरणाऱ्यांनी बांधली होती. पक्षी अलगद सोडवण्याचं त्यांचं कसब पाहत राहावं असं. माझ्याकडे मापं घेणं आणि तक्ता भरणं.

पहिल्या खेपेच्या पिशव्यांत बहुतेक लेसर सँड प्लोव्हर निघाले. आपण या सगळ्या गोताला चिखल्याच म्हणतो. थंडीत हा पक्षी वरून मातकट, खालून पांढरा, गर्दीत सहज हरवणारा. एप्रिलअखेर मात्र तो पार बदलतो. हातातल्या नराची छाती विटकरी तांबडी झाली होती, डोळ्यांवर काळी पट्टी आणि कपाळ सबंध काळं. हेडलॅम्प जवळ नेऊन मी कपाळावर पांढरं शोधलं. नव्हतं. पुढच्याच्याही नव्हतं. वजन चौऱ्याऐंशी ग्रॅम. थंडीत हाच पक्षी साठाच्या आसपास भरतो. वाढलेली चरबी हिमालय ओलांडायला लागते.

पांढरं शोधण्याला कारण होतं. लेसर सँड प्लोव्हर या एका नावाखाली दोन गट होते. एक पूर्व सायबेरिया, कामचाटकाकडे वीण घालणारा. त्याच्या विणीच्या पिसाऱ्यात कपाळ पांढरं असतं. तो हिवाळ्यात थेट ऑस्ट्रेलियापर्यंत उतरतो. दुसरा तिबेट, पामीर, आपल्या लडाखच्या उंचीवर वीण घालणारा, काळ्या कपाळाचा. तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून भारतावरून आग्नेय आशियापर्यंत हिवाळा काढतो. 2022 मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि निघालं ते असं की तिबेटी गटाचं जवळचं नातं सायबेरियन गटाशी नाहीच, ते ग्रेटर सँड प्लोव्हर या वेगळ्या चिखल्याशी आहे. तिबेटचं पठार वर उचललं जात असताना, सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी, या वाटा फुटल्या असाव्यात. त्यानंतर जगभरच्या पक्षीसूचींनी दोन जाती वेगळ्या केल्या: सायबेरियन आणि तिबेटन. शास्त्रीय नावातला पहिला शब्द, म्हणजे प्रजातीचं (जीनस) नावही बदललं, 'कॅरॅड्रियस' होतं ते 'अनॅरिंकस' झालं.

माझ्या मांडीवरच्या छापील तक्त्यात मात्र अजून जुनं एकच नाव होतं आणि त्यापुढे जागतिक लाल यादीतला, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीतला शेरा: 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे फारशी चिंता नाही. त्या रात्री मला हे फार खुपलं. याच जुन्या नावाचा पक्षी ऑस्ट्रेलियाने 2016 मध्ये 'संकटग्रस्त' ठरवला होता. एकच नाव, एकीकडे संकटात आणि दुसरीकडे निर्धोक! ऑस्ट्रेलियात जाणारे ते मुख्यतः सायबेरियन. त्यांची वाट चीन आणि कोरियामधल्या पीत समुद्रावरून जाते आणि तिथले चिखलपट्टे भरावाखाली गेले. दक्षिण कोरियात सेमांगमला 33 किलोमीटरची भिंत घालून 2006 मध्ये समुद्र अडवला, तो त्याच वाटेवर. आपल्या पक्ष्यांची वाट निराळी, म्हणून धोकेही निराळे. दोघांची बेरीज करून काढलेला शेरा दोघांपैकी कुणालाच लागू पडत नाही. आणि थंडीतल्या मातकट पिसाऱ्यात वरवर सारख्याच दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जुन्या गणना आता मागे जाऊन वेगळ्या कशा करणार?

मध्यरात्री होडीवाले काका चहा घेऊन आले. पिशवीतून डोकावणारं डोकं बघून म्हणाले, "ही आता आगोटीआधी निघतील बघा, नि नारळी पुनवेच्या सुमारास परत. पन बसायची जागा रवली नाय ओ यांना." त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. ऑगस्टमध्ये पहिले चिखल्ये किनाऱ्यावर उतरतात. आणि खाडीत खायला चिखल असला तरी भरतीच्या चार-पाच तासांत टेकायला उघडी, कोरडी जागा लागतेच. उरणकडच्या पाणथळी भरावाने गेल्या, इकडे गाळ साचून तिवरं उघड्या चिखलावर सरकत आली. तिवरांच्या दाट झाडीत हा पक्षी बसत नाही. त्याला चारही बाजूंनी दूरवर दिसावं लागतं. 2022 पासून ठाणे खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पण भरतीचे हे मुक्काम बरेचदा त्या हद्दीच्या बाहेर पडतात.

पहाटे शेवटच्या खेपेत एक बाकचोच तुतवार (कर्ल्यू सँडपायपर) आला. 2024 मध्ये जागतिक लाल यादीत तो 'असुरक्षित' या वर्गात ढकलला गेला, ग्रे प्लोव्हरसोबत. हे दोन्ही पक्षी माझ्या लहानपणी 'नेहमीचे' म्हणूनच सांगितले जायचे. 'नेहमीचा' या शेऱ्यावर माझा विश्वास तेव्हापासून उरलेला नाही.

तक्त्यातलं जुनं नाव खोडून मी प्रत्येक काळ्या कपाळापुढे 'तिबेटन' लिहिलं. विणीचा रंग न चढलेल्यांपुढे 'लेसर, गट अनिश्चित'. कपाळाचा फोटो आणि पंखाचं माप सोबत जोडलं. अहवाल मागवणाऱ्या संस्थेकडून आठवड्याभरात निरोप आला: नमुन्यात दिलेलंच नाव वापरा, सरसकट 'लीस्ट कन्सर्न' ठेवा. मी जुन्या आणि नव्या, दोन्ही नावांचे रकाने ठेवून अहवाल परत पाठवला आणि भरतीच्या मुक्कामांचा नकाशा त्यालाच जोडला, कुठली जागा कोणत्या हद्दीत येते ते दाखवून. पुढच्या हंगामासाठी छापायच्या तक्त्यात कपाळाच्या रंगाचा रकाना घालायचं आमच्या गटाने ठरवलं आहे.