भरतीची वेळ आणि घुमटाचं तिकीट

नोव्हेंबरचा पहिला आठवडा, दिवाळीची सुट्टी. पुणे, सांगली आणि कोल्हापूरकडच्या 32 जणांचा गट घेऊन आम्ही दोघं सहल-व्यवस्थापक व्हेनिसलगतच्या मेस्त्रे उपनगरात मुक्कामाला होतो. सकाळी व्हेनिस, साडेअकराला बस, साडेचारला फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट, असा कार्यक्रम. आदल्या रात्री व्हेनिस महापालिकेच्या भरती केंद्राचा अंदाज पाहिला: सकाळी साडेदहाला 100 सेंटिमीटर.

कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. मुंबईत उधाणाची भरती पाच मीटरच्या जवळ जाते. पण व्हेनिसचा आकडा 1897 साली ठरवलेल्या समुद्रपातळीपासून मोजतात आणि सान मार्को चौक इतका सखल आहे की 80-85 ओलांडलं की तिथे पाणी दिसू लागतं. ते लाटेसारखं चालून येत नाही, फरशीतल्या गटारांच्या जाळ्यांतून वर उगवतं. आग्नेयेकडून सिरोक्को वारा सुटला की आड्रियाटिक समुद्राचं पाणी उत्तरेच्या टोकाला ढकललं जातं आणि भरती आणखी चढते. समुद्राच्या तोंडाशी 2020 पासून ‘मोझे’ या पूररोधक यंत्रणेचे उचलते दरवाजे काम करतात, पण ते साधारण 110 चा अंदाज असला की उचलतात. 100 हा अडचणीचा आकडा. दरवाजे खाली आणि चौकात घोटाभर पाणी.

खरी अडचण पाण्याची नव्हतीच. घुमटाच्या तिकिटावर दिवस आणि वेळ छापलेली असते, ती ऐन वेळी बदलून मिळत नाही. चौकातला घंटामनोरा पाणी असेपर्यंत बंद राहणार, म्हणजे दुपारी एकच्या आत उघडणार नाही. दोन्हीसाठी सगळ्यांनी थांबणं शक्य नव्हतं.

मग गट फोडला. घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. जाड आणि बारीक अशा दोन कवचांच्या मधून चढावं लागतं, काही ठिकाणी खांदे भिंतींना घासतात. हृदयविकार, गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असलेल्यांना आम्ही ते तिकीट काढूच देत नाही. ते घेतलेले 14 जण. उरलेल्या 18 जणांसाठी व्हेनिसचा मनोरा हीच उंची होती: 98.6 मीटर आणि वर जायला लिफ्ट. मूळ मनोरा 14 जुलै 1902 ला कोसळला आणि 1912 मध्ये तसाच पुन्हा उभा राहिला. हे 18 जण माझ्या सहकाऱ्याबरोबर थांबतील, मी 14 जणांना रेल्वेने नेईन, असं ठरवलं. त्या दिवशी काढलेलं वेगवान गाडीचं तिकीट महाग पडतं, पण सान्ता लुचिया स्थानकातून फ्लॉरेन्स गाडी न बदलता सव्वादोन तासांच्या आत येतं.

सकाळी सातलाच निघालो. नेहमीप्रमाणे त्रोंकेत्तोच्या बसतळाहून थेट चौकाच्या धक्क्यावर न जाता पियात्साले रोमाहून 1 नंबरची व्हापोरेत्तो, म्हणजे प्रवासी बोट, घेतली आणि रियाल्तोला उतरलो. तिकीट 9.50 युरो, 75 मिनिटं चालतं. रियाल्तो जुन्या वस्तीचा उंच भाग. 100 सेंटिमीटरला शहराचा 5 टक्क्यांच्या आसपासच भाग पाण्याखाली जातो, त्यामुळे दिवस वाया गेला म्हणून हॉटेलात बसून राहणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. मासळीबाजार नुकता लागला होता. 1591 चा पूल रिकामा होता. तिथून गल्ल्यांमधून चालत चौकाच्या कडेला पोहोचलो, तर फरशीवर पाण्याचा पातळ थर आणि त्यात बॅसिलिकाचे घुमट उलटे. व्हेनिसचं सौंदर्य असं रस्त्यावर, फुकट आणि कुणालाही मिळतं. त्यासाठी वेळ साधावी लागते एवढंच.

या वेळी तिथे चुका ठरलेल्या होतात. पाण्यातून जायला मांडलेल्या लाकडी फळ्यांवर दोन माणसं जेमतेम मावतात. उजव्या बाजूने चालत राहायचं, फोटोसाठी थांबलं की मागे शंभर माणसं अडतात. रस्त्यावर मिळणारे प्लॅस्टिकचे मोजेबूट ओल्या संगमरवरावर घसरतात, चढउतार करताना हात धरायला माणूस लागतो. गोंडोल्यात बसायचं असेल तर पाणी चढायच्या आधी किंवा उतरल्यावरच, कारण मधल्या काळात लहान पुलांखालून नाव जात नाही. दिवसाचा ठरलेला दर अर्ध्या तासाला 90 युरो, माणशी नव्हे, नावेमागे. बसलात तर नावेची घडण जरूर पाहा. डावी बाजू उजवीपेक्षा 24 सेंटिमीटर रुंद असते. वल्ह एकच आणि तेही उजवीकडे, म्हणून नाव गोल फिरू नये यासाठी ती मुद्दाम वाकडी बांधतात.

साडेचारला आम्ही 14 जण घुमटाच्या दाराशी होतो. चढताना विटांची रचना बोटाने दाखवता येते. आडव्या विटांच्या थरात ठरावीक अंतराने उभी वीट घातली आहे, ती पुढच्या थरात सरकत जाते आणि माशाच्या काट्यासारखी नक्षी तयार होते. ताज्या चुन्यातली तिरकी वीट घसरायची, तिला ही उभी वीट अडवून धरते. याच युक्तीने वास्तुकार ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 मध्ये जमिनीपासून लाकडी आधार न उभारता घुमट बांधला. सांगलीकडच्यांनी विजापूरचा गोल घुमट पाहिलेला असतो. तो आतून सुमारे 38 मीटर रुंद, हा 45 च्या आसपास आणि अष्टकोनी. हे सांगितलं की चढणारे थांबून भिंतीवर हात ठेवतात.

वर पोहोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. खाली लाल कौलं, आर्नो नदी, पोन्ते वेक्कियो हा जुना पूल, मागे टेकड्या, सगळं शहर नकाशासारखं उलगडलेलं. त्याच सुमारास सहकाऱ्याचा निरोप आला. मनोरा एकनंतर उघडला, सगळे वर जाऊन आले, पण वरून एकही कालवा दिसला नाही म्हणून काहीजण हिरमुसले. ते बरोबरच आहे. घरं इतकी खेटून आहेत की तिथून फक्त छपरं, बेटं आणि भोवतालचं पाणी दिसतं. व्हेनिस पाण्याच्या पातळीवरून पाहावं, फ्लॉरेन्स उंचावरून. बसवाले 18 जण सहानंतर पोहोचले, तेव्हा त्यांना आधी पियात्साले मिकेलान्जेलो या टेकडीवरच्या चौकात नेलं. तिथे बस जवळपर्यंत जाते आणि दिव्यांत उजळलेला तोच घुमट समोर दिसतो.

रात्री जेवताना 4 नोव्हेंबर 1966 चा विषय निघाला. त्या एकाच दिवशी व्हेनिसमध्ये पाणी 194 सेंटिमीटरवर गेलं आणि आर्नो फ्लॉरेन्समध्ये शिरली. व्हेनिसचं पाणी खारं, भरतीबरोबर येणारं. फ्लॉरेन्समध्ये चिखल आणि घरोघरच्या टाक्यांमधलं तेल आलं. सान्ता क्रोचे चर्चमधल्या, चित्रकार चिमाबुएने रंगवलेल्या क्रूसचा बराचसा रंग त्यात गेला. आजही तो क्रूस पाहताना गेलेले तुकडे स्पष्ट कळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कोल्हापूरच्या मंडळींना कास्चिने बागेच्या पश्चिम टोकाला नेलं. इंग्लंडहून परतताना छत्रपती राजाराम महाराज 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले. 1874 चं स्मारक तिथे आहे, छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावच ‘पोन्ते आल्लिन्दियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल. ट्रामने आलात तर कास्चिने थांबा बागेच्या पूर्वेला पडतो, पुढे सुमारे तीन किलोमीटर चालावं लागतं, म्हणून ज्येष्ठांना टॅक्सीच बरी. मंडळींनी चपला काढल्या आणि पायरीवर फुलं ठेवली. साडेदहाचं उफीत्सी या कलासंग्रहालयाचं तिकीट होतं, तरी मी कुणाला घाई केली नाही.