मधला काळोख

लेझरडिस्कच्या खेळात, म्हणजे ज्याची चित्रं लेझरने वाचायच्या तबकडीवर असतात अशा खेळात, दोन प्रसंगांच्या मध्ये पडदा क्षणभर काळा पडतो. खेळ अडकलेला नसतो. प्लेयरच्या पोटात लेझर सरकत पुढची जागा हुडकत असतो. १९८३ च्या ‘ड्रॅगन्स लेअर’चा इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आज तीच चित्रं हार्डडिस्कवरून उचलतो, तीही चुटकीसरशी. म्हणून काळोख मुद्दाम पाडावा लागतो. धडधाकट माणसाला लंगडायला शिकवावं, तसलाच हा उद्योग!

पायोनियरच्या एलडी-व्ही१००० प्लेयरशी खेळातला झेड-८० हा प्रोसेसर एकेक आकडा करून बोलतो. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, शून्याला ३एफ, एकाला ०एफ, दोनाला ८एफ. फ्रेमचा, म्हणजे डिस्कवरच्या एका चित्राचा, नंबर सांगून झाला की एफ७, म्हणजे शोध. शोध चालू आहे तोवर प्लेयर ५० म्हणत राहतो आणि जागा सापडली की डी०. दोन्हींत फरक फक्त सर्वांत वरच्या बिटचा. इम्युलेटरने डी० लगेच म्हटलं, की काळोख गेलाच. हिप्सियस या इम्युलेटरमध्ये त्यासाठी दोन सेटिंग्ज आहेत: शोधाला किमान किती मिलिसेकंद लावायचे आणि एका मिलिसेकंदात किती फ्रेम ओलांडायच्या. दुसरीत २० भरले, तर १०,००० फ्रेमच्या उडीला अर्धा सेकंद.

खरी मेख घड्याळात आहे. झेड-८० ला पुढच्या कामाची टिचकी (इंटरप्ट) मिळते दर ३२.७६८ मिलिसेकंदांनी, डिस्कचा एक फेरा मात्र ३३.३७ चा. दहा सेकंदांत टिचक्या ३०५ आणि फेरे जेमतेम ३००. ‘एवढ्याशा फरकाने काय होतंय’ म्हणून टिचकी फेऱ्याला बांधली, तर त्या ३०५ टिचक्यांना १०.१८ सेकंद लागतात. तलवारीचं बटण दाबायची वेळ चित्राच्या मागे रेंगाळू लागते आणि खेळणाऱ्याला वाटतं, आपलाच हात चुकतोय. दोन्ही घड्याळं वेगळीच चालू द्यावीत.

एवढं करूनही प्रसंगाच्या तोंडाशी आधीच्या प्रसंगाचं चित्र झळकलं, तर दोष फ्रेमफाइलचा. त्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये व्हिडिओच्या नावाआधी त्याच्या पहिल्या फ्रेमचा नंबर असतो. तो एकाने कमी करावा, खेळ पुन्हा चालवून पाहावा. पुढच्या प्रसंगाचं पहिलं चित्रच गिळलं जाऊ लागलं, तर एकाने परत वाढवावा.