फोन भरला होता म्हणून

काल वहिनींचा मेसेज, "भावजी, फोन भरला होता, म्हणून ते निळं अ‍ॅप काढून टाकलं." निळं म्हणजे बोटिम, इथून घरी कॉल करायचं अ‍ॅप. फोन भरला कशानं, तर गुड मॉर्निंगच्या गुलाबांनी आणि आमच्या पुतण्याच्या, सोन्याच्या, गॅदरिंगच्या व्हिडिओंनी. गुलाब राहिले, मी गेलो.

इथं यूएईत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, फोटो जातात, कॉल तेवढा होत नाही. परवाना असलेल्या अ‍ॅपवरूनच बोलायचं. घरी सांगून सांगून थकलो. तरी दादाचं पालुपद ठरलेलं, "अख्ख्या जगाचं चालतंय, तुझंच कसं रे चालत नाही?" जणू मीच वायर तोडून बसलोय. सणावाराला सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरच कॉल करणार, मी उचलून 'कनेक्टिंग' बघत बसणार. मग आत्या आईला म्हणणार, शारजाला गेल्यापासून बोलतसुद्धा नाही हो.

मित्रांचं तर सोडाच. बँकेतला म्हणाला, अनोळखी अ‍ॅप घेऊ नका असं आम्हीच लोकांना सांगतो. दुसरा म्हणे व्हीपीएन लाव की, म्हणजे तू कुठून बोलतोस ते लपतं. त्याच्या बापाचं काय जातंय! इथं व्हीपीएनच्या आडून गुन्हा केला तर दंडच 5 लाख दिरहमपासून सुरू होतो.

पण लागलंय ते दादाचं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सोन्याची शाळा झूमवर गेली, तर ह्याच माणसानं एका रात्रीत म्यूट, अनम्यूट, स्क्रीन शेअर सगळं शिकून घेतलं. इथंही तेव्हा झूम चालू केलं होतं, मी ते कौतुक स्वतः बघितलंय. म्हणजे जमत नाही असं नाही. शाळेसाठी जमतं. गरज काय एकट्या माझीच आहे? त्यांच्यासमोर आई आहे, सोन्या आहे, मी नसलो तरी त्यांचं घर भरलेलंच. असो.

साधा आयएसडी लावावा तर मीटर पळतो, आणि आईचा पहिला मिनिट "कोण बोलतंय?" यातच जातो. वर दीड तासाचा फरक. ती साडेनऊला आडवी होते, म्हणजे इथले आठ. तेव्हा मी दुबईहून परतताना शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर, ब्रेकवर पाय ठेवून.

आज रागानं कुणालाच काही पाठवलं नाही. दुपारी आईचाच व्हॉइस मेसेज आला. ते मात्र येतात. तिला रेकॉर्डिंग थांबवता येत नाही, त्यामुळे गुडघ्याचं सांगून झालं तरी मेसेज चालूच. कुकरच्या शिट्ट्या, मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी घासाघीस, आणि मग वहिनींना, "टाक गं ते त्याचं परत. नाहीतर गणपतीला आला की तोंड फुगवून बसेल."

मला हसूच फुटलं. फोनवर ही बाई "बरी आहे, जेवलास का, ठेवते" याच्यापुढं कधी जात नाही. इथं अख्खं मिरजेचं स्वयंपाकघर आलं, तेही फुकटात.

लिंक परत पाठवलीय. ओटीपी गेला दादाच्या नंबरवर, आणि दादा जोतिबाला, फोन बंद. तोवर गाडी लावून मीही एक लांबलचक मेसेज पाठवला. मधेच हॉर्न मारणाऱ्याला दिलेली शिवी त्यात गेली असणार. आई ओरडेल. ओरडू दे.