आमची वाटचाल: अठरा फोन आणि एक यादी

सुरुवात ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या, वायरिंगनं झाली. नाशिकच्या सातपूरला एका गाळ्याचा अर्धा भाग भाड्यानं घेतला होता. एक टेबल, क्रिम्पिंग टूल, मल्टिमीटर आणि मोटरसायकल एवढाच पसारा. अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांत एक्स्टेन्शन ओढायची, क्रोन बॉक्समधल्या, म्हणजे फोनच्या तारा एकत्र येतात त्या पेटीतल्या, जोड्या शोधायच्या, पावसाळ्यात लाइनवर खरखर आली की धावायचं. मग कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे आयपी फोन आले. एकाच केबलमधून वीजही आणि आवाजही. आम्ही ॲस्टरिस्क हे एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर शिकलो, सर्व्हर बसवायला लागलो, हाताखाली दोन मुलं आली. त्या वर्षांबद्दल इतकंच पुरे. आमच्या कामाला खरं वळण लागलं ते एका शून्यामुळे.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणं देशभर सक्तीचं झालं. पिंपळगाव बसवंतजवळ एका द्राक्ष निर्यातदाराच्या ऑफिसात आणि पॅकहाउसमध्ये मिळून आमचे अठरा फोन होते. जानेवारी म्हणजे तिथं श्वास घ्यायला फुरसत नसते. बागेतून माल येत असतो, प्री-कूलिंग भरलेलं असतं, कंटेनर वेळेत न्हावा शेवा बंदरात पोचायचा असतो. सकाळी पावणेआठला तिथल्या ऑपरेटर ताईंचा फोन आला, "दादा, एकही मोबाइल लागत नाहीये. आतून बाई सांगतेय, शून्य लावा."

सूचना नोव्हेंबरमध्येच निघाली होती. मी ती वाचली होती आणि हे काम माझ्याकडून राहून गेलं होतं. चूक माझी होती. घरूनच सर्व्हरवर नियम लिहिला: नंबर दहा आकडी असेल आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होत असेल, तर आधी शून्य जोडून बाहेर सोड. दहा मिनिटांत फोन लागायला लागले.

दुपारी दुसरी तक्रार आली. येणाऱ्या फोनवर नावंच दिसेनात. झालं असं की सकाळच्या गडबडीत प्रत्येकानं आपापल्या फोनमध्ये शिरून सेव्ह केलेल्या नंबरांना हातानं शून्य लावलं होतं. येणारा नंबर दहा आकडी, फोनमधला अकरा आकडी. ते मॉडेल अख्खा नंबर जसाच्या तसा जुळवून बघायचं, त्यामुळे जुळणीच होईना. रोजचे ओळखीचे शेतकरी एका दिवसात अनोळखी झाले.

मी गाडी काढली आणि फोनाफोनापाशी बसलो. अठरा फोनांमध्ये अठरा वेगळ्या याद्या होत्या. एकाच ट्रान्सपोर्टवाल्याचे चार फोनांत चार नंबर, त्यातले दोन बंद. एका बागाइतदाराचा नंबर फक्त अकाउंट्सच्या फोनमध्ये, तर पॅकहाउसचा सुपरवायझर तोच नंबर विचारायला रोज ताईंना फोन करायचा. आणि ताईंच्या ड्रॉवरमध्ये लाल पुठ्ठ्याची, कडा झिजलेली डायरी होती. कंपनीची खरी यादी तीच. आम्ही एवढे महागाचे फोन बसवले होते आणि कंपनीच्या ओळखीपाळखी त्या ड्रॉवरमध्ये बंद होत्या. त्या दिवशी मला फार लागलं ते. बसवणारा म्हणून माझं काम अर्धंच झालं होतं.

तिथून आम्ही ठरवलं: फोनमध्ये नावं भरायचीच नाहीत. यादी एका जागी ठेवायची, फोननं ती तिथून वाचायची. याचे दोन मार्ग. एकात सर्व्हरवर एक्सएमएल फाइल, म्हणजे ठरावीक खुणा घालून लिहिलेली मजकुराची फाइल असते, फोन ठरावीक वेळानं ती ओढून घेतो. दुसरा एलडॅप, म्हणजे सर्व्हरवरच्या यादीत थेट शोधायची पद्धत. त्यात तुम्ही दोन अक्षरं दाबली की फोन त्याच क्षणी सर्व्हरला विचारतो. माणसं हजारांवर गेली तर एलडॅप बरं. पण पाच-सहाशे नावांच्या ऑफिसला मी एक्सएमएलच सुचवतो. बिघडलं तर उघडून डोळ्यांनी बघता येतं.

मात्र फोन बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या फाइलची धाटणी निराळी. यीलिंकची वेगळी, ग्रँडस्ट्रीमची वेगळी, आणि सिस्कोच्या फोनला एका पानावर ३२ च नोंदी देता येतात, पुढच्या पानाची सोय आपण करायची. म्हणून आमच्या हाताखालच्या एका मुलानं पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. ताई एकच एक्सेल सांभाळतात, त्यातून हव्या तेवढ्या फाइली बनतात.

एक्सेलनंही रडवलं. नाशिकच्या लँडलाइनचा ०२५३ टाकला की पुढचं शून्य गायब. ९१ लावून मोबाइल लिहिला की त्याचा ई-प्लस काहीतरी होतो. कॉलम आधी टेक्स्ट करून घ्यायचा, मगच नंबर लिहायचे, हे आता आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. आणि एके सकाळी अठराच्या अठरा फोनांवर डिरेक्टरी रिकामी! शोधता शोधता दुपार झाली. कुणीतरी दुकानाच्या नावात "पाटील & सन्स" असं लिहिलं होतं. ते "&" चिन्ह एक्सएमएलमध्ये नुसतं चालत नाही. तेवढ्यावरून अख्खी फाइल फोननं नाकारली होती. आता प्रोग्राम ते चिन्ह बदलतो, आणि नवी फाइल तपासून बरोबर निघाल्याशिवाय जुनी हलवत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र नावांनी खाल्ला, आणि तो वेळ द्यावाच लागतो. त्या फोनांवर देवनागरी उमटत नाही, नुसते चौकोन येतात. मग वाघ हे नाव रोमनमध्ये डब्ल्यूनं लिहायचं की व्हीनं? आहेर किती, बोरस्ते किती! ताई म्हणाल्या, "दादा, आम्ही आडनावानं शोधतच नाही. वडनेरचे आहेर, मोहाडीचे देशमुख, असं गावानं शोधतो." म्हणून गाव आधी, आडनाव नंतर, असा क्रम लावला. फोनवर पहिली तीन अक्षरं दाबली की गावातली सगळी माणसं समोर येतात. ही अक्कल आम्हाला ताईंनी दिली, कुठल्या मॅन्युअलमध्ये ती नव्हती.

नंबर कसा लिहायचा तेही एकदाच ठरवलं: मोबाइल दहा आकडी, शून्याचं काम सर्व्हरचं. फोनवरून कुणालाही नोंद बदलता येत नाही. बदल हवा तर ताईंना सांगायचं. सुरुवातीला काहीजण कुरकुरले. मी मागे हटलो नाही, मालकही माझ्यामागे उभे राहिले. फाइल फक्त ऑफिसच्या नेटवर्कमध्ये दिसते, घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सुरक्षित वाटेनं. शेतकऱ्यांची यादी म्हणजे त्या धंद्याचं भांडवल, ती उघड्या इंटरनेटवर ठेवणं मला पटत नाही.

आता सिन्नरचे दोन कारखाने आणि गंगापूर रोडवरचं एक हॉस्पिटल याच पद्धतीवर चालतं. नवीन ग्राहकाकडे गेलो की फोन किती हवेत हे नंतर, आधी विचारतो, "तुमची यादी कोणाकडे आहे?"

ताई येत्या मार्चमध्ये निवृत्त होतायत. लाल डायरीतली शेवटची पानं अजून चढवायची आहेत. दर गुरुवारी दुपारी आमच्या हाताखालचा मुलगा तिथं जाऊन बसतो. ताई एकेक नाव वाचतात, नंबर लावून बघतात, समोरून आवाज आला की आधी तब्येत विचारतात, मगच गावाचं नाव सांगतात आणि तो टाइप करतो.