काळ्या पाषाणाच्या मुलखातून

वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत आणि आमच्या शेतातील विहीर खोदताना ज्याला सुरुंग लावावे लागले, तो पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहून थिजलेला लाव्हा आहे. आपल्याकडील तो अग्नी केव्हाच विझला. इंडोनेशिया, फिलिपिन्समधील शेतकरी मात्र आजही जागृत ज्वालामुखीच्या उतारावर पेरणी करतात, कारण राखेची जमीन सुपीक असते.

लाव्हा बहुधा संथ वाहतो, त्यामुळे माणसाला दूर जाता येते. खरे भय असते ते तप्त वायू व राखेच्या वेगवान लोटांचे आणि चिखलाच्या पुराचे. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी कोलंबियातील नेवादो देल रुईझचा उद्रेक तसा लहानच होता. परंतु त्याने शिखरावरील बर्फ वितळवले आणि तो चिखल नदीपात्रांतून सुमारे अडीच तासांनी आर्मेरो गावावर कोसळला. त्या आपत्तीत सुमारे २३,००० माणसे गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता, हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाआधी किल्लारीला अशी कोणतीही नेमकी पूर्वसूचना मिळाली नव्हती. ज्वालामुखी मात्र बहुतेक वेळा हादऱ्यांतून, वायूंतून इशारा देतो. तो ओळखून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या परिसरातून हजारो लोकांना वेळेत हलवले गेले. तरीही वादळी पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळून तेथे शेकडो माणसे दगावली. माळवदाची घरे कोसळलेली पाहिलेल्या आम्हा लातूरकरांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.