वेफेअररला नवा ट्रेलर

शनिवार, रात्री

शेवटी कॉम्बीच घेतला. म्हणजे खाली रस्त्यावर पळणारा ट्रेलर आणि त्याच्या पाठीवर चढून बसणारी वेगळी लाँचिंग ट्रॉली, दोन्ही गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले. जुना ट्रेलर बोटीबरोबरच आलेला, नुसत्या रंगवलेल्या लोखंडाचा, मधल्या पाइपाला स्क्रूड्रायव्हर टोचला तरी पोपडे निघायचे. इथे इंग्लंडात रेडिंगहून समुद्रावरच्या चिचेस्टर हार्बरपर्यंत मोटरवेवरून तो ओढत न्यायची हिंमत होईना, मागच्या गाड्यांत लोकांची पोरंबाळं असतात.

बोट आमची वेफेअरर, छोटी उघडी शिडाची बोट. इयान प्रॉक्टरचं १९५७ चं डिझाइन, ४.८२ मीटर लांब, नुसतं हल, म्हणजे बोटीचं कवच, १६९ किलो. फ्रँक डाय असल्याच उघड्या बोटीतून १९६३ ला स्कॉटलंडहून आइसलंडला गेला आणि पुढच्या वर्षी नॉर्वेला, त्यामुळे मला या बोटीबद्दल फार आदर आहे, तिला कशीतरी बांधून न्यावी असं वाटतच नाही. डोलकाठी, शिडं, वल्ही, नांगर, छोटं इंजिन सगळं धरलं तरी वजनाची काळजी नाही, इकडे ब्रेक नसलेल्या ट्रेलरला एकूण ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मे, यातलं जे कमी असेल ती मर्यादा, आणि आपण त्याच्या बरंच खाली आहोत. लायसन्सचाही प्रश्न उरला नाही, डिसेंबर २०२१ पासून ट्रेलरची वेगळी टेस्ट द्यावी लागत नाही.

कॉम्बी का, तर मिठाचं पाणी. मोटरवेवर तासदीड तास पळून चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग असलेले मधले तुंबे, चांगले तापतात, तसेच गार पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत खेचलं जातं, मग ग्रीसचं दूध होतं आणि बेअरिंग गंजतं, आणि ते जातं तेव्हा चाकासकट जातं. कॉम्बीत फक्त ट्रॉली पाण्यात उतरते, रस्त्याची चाकं वर कोरडी राहतात. थोडे पैसे जास्त गेले पण ते मला पटलेले पैसे आहेत.

खरी मेहनत बसवण्यात. माझं ठाम मत आहे की ट्रेलर गाडीला शोभतो का हे बघूच नये, बोटीच्या बुडाला जुळतो का तेवढं बघावं, कारण बोट पाण्यात असते त्याच्या कितीतरी पट वेळ ट्रेलरवर बसलेली असते. सगळा भार मधल्या कीलवर, म्हणजे बुडाच्या कण्यावर, यायला हवा, बाजूचे पॅड फक्त तोल सांभाळायला. पॅडवर भार आला तर बूड हळूहळू आत दबतं आणि वरून काही दिसत नाही. रत्नागिरीहून बाबा व्हिडिओ कॉलवर बघत होते, ते म्हणाले आपल्याकडे होड्या ओंडक्यांवरून वाळूत ओढतात तेव्हाही भार मधोमधच ठेवतात, बाजूला गेला की फळी उलली. मग मी पॅड आधी पार खाली सोडले, कील रोलरवर नीट टेकू दिली, आणि मगच पॅड वर घेतले, जेमतेम टेकतील एवढेच. लेक बुडाखाली टॉर्च धरून वाकलेली, "आई अजून फट दिसतेय, अजून थोडं," असं सांगत होती. तिच्याशिवाय हे जमलं नसतं.

मग विंचचा, म्हणजे बोट दोरीने वर ओढायच्या चरकाचा, खांब पुढे सरकवला, बोटीचं नाक त्याच्या खाचेत बसेल असा. त्यानंतर नोजवेट, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा, नाकाचा, गाडीवर पडणारा भार. बाथरूमचा वजनकाटा लाकडी ठोकळ्यावर ठेवून हिचवर, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकावर, किती भार येतो ते बघितलं, फारच कमी होता, आणि नाक हलकं असलं की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. म्हणून अ‍ॅक्सलचे, म्हणजे चाकांच्या आसाचे, यू बोल्ट सैल करून तो थोडा मागे घेतला, दोन्ही बाजूंनी टेपने मोजून, तिरका राहिला तर टायर एका कडेने झिजतात. हे नवऱ्याने आणि मी मिळून केलं, एकट्यादुकट्याचं काम नाही. एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के नाकावर आले आणि जीव थंडावला.

डोलकाठी आडवी ठेवली की मागे बरीच बाहेर येते. एक मीटरच्या पुढे गेली तर टोक लोकांना दिसेल असं काहीतरी लावावं लागतं, लाल कापड बांधून ठेवलंय. मागच्या दिव्यांची पट्टी, लाइटबोर्ड, ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट फळीवर, टांगला, सगळे दिवे लागले, उजवा इंडिकेटरसुद्धा, जो जुन्यावर कधी लागलाच नव्हता. बोट आवळून बांधायच्या रॅचेट स्ट्रॅपखाली जुन्या गालिच्याचे तुकडे घातले, गनेल, म्हणजे बोटीची वरची कड, घासू नये म्हणून.

मुंबईत गेटवेजवळच्या बोटी मूरिंगवरच, पाण्यातच बांधलेल्या, डुलत असतात, तिथल्या मैत्रिणीला ट्रेलरवर एवढा वेळ का जातो ते कळेना. तिला सगळे फोटो पाठवलेत.

राहिलंय ते असं: मागची पिवळी नंबरप्लेट, गाडीच्याच नंबरची, सोमवारी मिळेल. स्पेअर चाकाचं ब्रॅकेट. आणि पहिले तीसचाळीस मैल झाले की थांबून चाकांचे नट परत आवळायचे, नवीन चाकांना ते करावंच लागतं, म्हणून पाना गाडीत आत्ताच टाकून आले.